सुटा शिंपला

४ फेब्रुवारी

पुन्हा सपाट! धुलाईतून नमुन्याचा तुकडा आला, पण नक्षीतले शिंपले उठलेच नाहीत. विणकाम मास्तरांनी टेबलावर पसरून त्यावर हात फिरवला. "अहो, हे शिंपले आहेत की इस्त्री केलेला रुमाल?" सगळे हसले. मीही हसलो. तोंडाला सवय असते.

नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या कापडाचं काम आहे. लोकांनी वर्षानुवर्षं बूड घासलं तरी झिजायला नको, आणि वर नक्षी अशी हवी की अंधारात हात लावला तरी कळावी. मालकांना सोनं हवं, वर त्याला सुगंधही हवा.

घरी आलो तर ही तशीच, खिडकीकडे तोंड करून. दिवसभर बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दूध घेतलं, काही त्रास नाही दिला." हिनं त्रास न देणं ही बातमी व्हावी! गिरणीत कापड तपासायची तेव्हा अख्खा विणकाम विभाग हिच्या टेबलाला टरकून असायचा. पक्षाघाताचा झटका आला त्याला आता सहा महिने होतील. त्या दिवसापासून शब्द नाही.

५ फेब्रुवारी

काही नाही.

७ फेब्रुवारी

मास्तरांशी बसून ठरवलं, खालच्या थराचं सूत बदलायचं. हे कापड दुहेरी — एक थर वर, एक खाली, दोन्ही एकाच मागावर एकदमच विणले जातात. खालच्यात गरम पाण्यानं आकसणारं सूत घालायचं. तो आकसला, वरचा नाही आकसला, मग वरच्यानं जायचं कुठे? जिथे टाक्यांनी दोघं बांधलेत तिथे तो दबतो आणि मधे फुगतो. तो फुगवटा म्हणजे आमचा शिंपला.

टाके जास्त पडले तर फुगत नाही. कमी पडले तर थर सुटतात. मोठ्या शिंपल्याच्या पोटातसुद्धा थोडे लपवलेले टाके लागतात, नाहीतर घासून घासून वरचा थर पिशवीसारखा लोंबायला लागतो.

मावशी सहाला जातात. म्हणून उरलेलं काम घरी, हिच्या पलंगापाशी संगणक मांडून. ही छताकडे, मी पडद्यावरच्या नक्षीच्या चौकटींकडे. एकेका चौकटीत टाका द्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं. डोकं फार लागत नाही. बरं आहे.

१० फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेले. डोळ्यांत बॅटरी मारली, तळपाय खरवडले. "समज उरलेली नाही. डावा हात हलतो तो आपोआप. त्यात अर्थ शोधू नका." मी म्हटलं, बरं.

मग मेहुणी आली, हिची धाकटी बहीण. हिच्या उशाशीच बसून बोललो, दुसरीकडे खुर्ची ठेवायला जागाच कुठे आहे? "भावोजी, असं किती दिवस ओढणार? शुश्रूषा केंद्रात जागा होतेय. चोवीस तास माणसं असतात तिथे. ताईला आता काय कळतंय? तिला इथे काय अन् तिथे काय!"

मी म्हटलं, "हो, तिला सारखंच."

"आणि तुम्हालाही जरा मोकळं होता येईल."

यावर मी जे बोललो ते बोललो. म्हणालो, "मला ही माझी बायको वाटतच नाही आता. कुणीतरी ठेवायला दिलेली वस्तू वाटते." मेहुणी पदर तोंडाला लावून रडली. मला रडू आलं नाही. एक मार्चला न्यायचं ठरलं.

ती गेल्यावर उरलेले मोठे शिंपले भरून टाकले. नक्षी संपली एकदाची.

१८ फेब्रुवारी

उठले! काय उठलेत! मास्तर तुकडा घेऊन सगळ्या विभागात नाचले. "घ्या, आता डोळे मिटून बसा कुणीही!" मालक म्हणाले, "नमुना पास. पुढच्या आठवड्यात झीज बघायला घासणी यंत्रावर लावा, पण माग थांबवू नका, तारीख गळ्याशी आलीय." मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

तुकडा घरी आणला. पसरायला जागा नव्हती, हिच्या पांघरुणावरच पसरला. हिचा डावा हात त्यावरून फिरायला लागला. सावकाश, कडेकडेनं. एका मोठ्या शिंपल्यावर थांबला. दोन बोटांनी वरचा थर चिमटीत धरला, उचलला, सोडला. पुन्हा धरला. मी कापड पुढे सरकवलं. हात बाकीच्या शिंपल्यांवरून गेला, तसल्याच एका शिंपल्यावर थांबला, पुन्हा तीच चिमूट.

दुहेरी कापड तपासणारे असंच चिमटीत धरून बघतात, थर सुटलेत का ते. जन्माची सवय. मुंडी कापलेल्या कोंबडीचे पायही हलतात म्हणे. कापड गुंडाळून ठेवलं.

२० फेब्रुवारी

माग सुरू झाले. कापड भराभर उतरतंय. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी विचारलं, "वहिनींना दाखवलं का?" म्हटलं, दाखवलं. "मग? काय म्हणाल्या?" — आणि जीभ चावली बिचाऱ्यांनी. उगाच डब्यात बोटं फिरवत बसले. मी म्हटलं, "अहो, असू दे." खरंच असू दे. मला काही झालं नाही.

२६ फेब्रुवारी

हिचे कपडे बॅगेत भरले. मावशी म्हणाल्या, "गरम शालही द्या, तिथे गारठा असेल." दिली.

१ मार्च

नेलं. गाडीकडे न्यायला उचललं तेव्हा हिनं पलंगाची कड धरून ठेवली होती. मावशींनी एकेक बोट सोडवलं. "आपोआप होतं," मी सांगितलं त्यांना. मला वाटलं होतं, गाडी वळताना काहीतरी वाटेल. गाडी वळली. मी आत येऊन चहा केला, सवयीनं दोन कप.

२ मार्च

छान झोप लागली. हेच वाईट.

५ मार्च

माग बंद! घासणी यंत्रावर लावलेल्या कापडात एक शिंपला सुटला. वरचा थर पिशवीसारखा लोंबतोय. बाकी सगळे शाबूत, तो एकच. आणि नक्षी जिथे जिथे पुन्हा सुरू होते तिथे तिथे तोच! मास्तरांनी पडद्यावर नक्षी काढली. त्या शिंपल्याच्या पोटात एकही टाका नाही. दहा तारखेला संध्याकाळी भरलेला. माझीच करणी. आतापर्यंत विणलेलं सगळं बाद. मालक नको नको ते बोलले. ऐकून घेतलं.

मग मास्तरांनी न घासलेल्या तुकड्यावर तो शिंपला शोधला. दोन बोटांत वरचा थर धरला, उचलला आणि मला दाखवला. "हे बघा, घासायच्या आधीच सुटलेला. हात लावला असता तर कळलं असतं की!"

हात लावला होता. कुणीतरी लावला होता.

मी स्टुलावर बसलो. मास्तर पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं मालकांच्या बोलण्यानं. आपोआप हलणारा हात बाकीचे सगळे शिंपले सोडून नेमक्या न बांधलेल्यावर कसा थांबेल? तोही दोनदा? हिला कळत होतं. चूक दाखवत होती मला, आणि मी कापड गुंडाळून ठेवलं!

मग दहा तारीख आठवली. उशाशी बसून बोललो ते. म्हणजे तेही कळलं. 'वस्तू' म्हणालो तेही. पलंगाची कड धरली तीही तिनं धरली होती. आज काही वाटत नाही असं लिहिता येत नाही.

६ मार्च

केंद्र उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. तिच्यासमोर बसून म्हणालो, "तू दाखवलंस, मीच बघितलं नाही. चल घरी." डावा हात हातात घेतला. तिनं काढून घेतला. पुन्हा घेतला. पुन्हा काढून घेतला आणि मान भिंतीकडे वळवली! नर्स धावत आली, मी एवढ्या मोठ्यांदा रडत होतो. नर्सला म्हटलं, "गाडी बोलवा हो! ही माझ्यावर रागावलीय!"