चिखलातलं घराणं

३ मार्च १९५५, गुरुवार. सकाळ.
शी! लोणच्याची म्हणून बरणी उघडली, बोटं घातली, तर आत समुद्राचा चिखल. वास असा की जेवण गेलं नाही. नातू श्यामकांत म्हणतो, आजी, बोटीवाल्यांनी खोल समुद्रातून काढलाय, सोनं आहे सोनं. म्हटलं, असतं तर बायकोच्या गळ्यात दिसलं असतं. बायको, म्हणजे मृणालिनी, मी सांगते ते लिहिता लिहिता हसली. नातसुनेने लिहावं, वाचू नये.
संकल्प: त्या घाणीकडे बघायचं नाही.

४ मार्च. दुपार.
बघितलं. त्याच्या उभ्या दुर्बिणीतून. फुग्याला फुगा चिकटलेला, अंगभर भोकं, जणू देवी येऊन गेलेले बुंदीचे लाडू. किळस! फोरामिनिफेरा म्हणे, समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव. जिवंतपणी पाण्यावर तरंगतात, मेले की चुन्याची कवचं तळाला. म्हणजे मढी. माझ्या जेवणाच्या पाटावर. चुन्याची, तर पानाला लावू का, विचारलं. हसला नाही.
त्यांची एक फॅमिली लावतोय. कोण सख्खं, कोण चुलत, कोण उपरं. ओळख म्हणे तोंडावरून. एवढ्यासाठी एम.एस्सी.? नुसतं तोंड बघून मी तीन सोयरिकी मोडल्यात.
सोमवारी चौदाला प्रोफेसर घरी येणार. त्यांना पटलं तर श्यामकांत कॉलेजात पर्मनंट. नाही पटलं तर जूनपासून घरी.
संकल्प: मदत करायची. अंधेरीत दुसरं आहे कोण?

६ मार्च, रविवार.
मदत केली. एक बोडकं, एक काटेरी, दोन घराणी म्हणून सांगितलं. म्हणतो, एकच जात आहे गं, याचे काटे मोडलेत. तेच तर म्हणत होते मी.
नवी जात सापडली की हवं ते नाव देता येतं म्हणे. म्हटलं, माझंच लिही, सत्यभामा. म्हणाला, बघू गं. ठरलं म्हणजे.

८ मार्च. होळी.
पुरणपोळी निवली. साहेब ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक मढं उचलतायत. दिवाळीपासून कॉलेजात हेच, आता घरी. आता चिखल संपला, बरणी रिकामी. निवडलेलं सगळं काचेच्या एका वाटीत. ती वाटी फुटली तर मी संपलो, म्हणाला. म्हटलं, माझ्या हातून आजवर कप फुटला नाही. मृणालिनी खोकली.

१२ मार्च, शनिवार.
वाटी बघितली. मळकट, पिवळट. शी. प्रोफेसर काय म्हणतील? या घरात बायका आहेत की नाहीत? मृणालिनीला म्हटलं, घासून काढू. ती म्हणते, आजी, पाया पडते, हात नका लावू. आजकालच्या मुलींना स्वच्छतेचं वावडंच.

१३ मार्च, रविवार. संध्याकाळ.
श्यामकांत साकीनाक्याला ती कवचं ठेवायची डबी करून आणायला गेला. देवाची तांब्या-पितळेची भांडी मी आमसुलानेच उजळते, कधी डाग राहिला नाही. तसंच केलं. दाट पाणी काढून वाटीत ओतलं, दुर्बिणीला डोळा लावला. काय फसफसले! म्हटलं मृणालिनी, धाव, जीव आला गं यांच्यात! ती आली आणि मटकन खाली बसली.
थोड्या वेळाने वाटी आरसा. सगळा नुसता मळच होता तर. एकच उरला, टणक, चकचकीत. घराण्याचा मूळपुरुष. सत्यभामा.
श्यामकांत आला. वाटी बघितली. डबी हातातच. एवढंच म्हणाला, आजी, चुन्याची होती ती, आंबटात विरघळली.
हे आधी स्पष्ट सांगायला नको?

१४ मार्च, सोमवार.
प्रोफेसर आले. मी इरकली नेसले. श्यामकांत त्यांना सगळं सांगायला लागला, तर मीच मध्ये पडून म्हटलं, आधी तो राहिलेला बघा. वाकले. बराच वेळ बघत राहिले. मी नावाची वाट बघत होते. मान वर करून म्हणाले, हा वाळूचा कण आहे.
चहा अर्धा टाकून गेले. जाताना म्हणाले, दाखवायला काही नाही, तर कमिटीपुढे मी काय बोलू? जूनपासून दुसऱ्या कुणाला घेतील.
घर आता स्वच्छ आहे. मला तेच हवं होतं.
दुपारी सोलकढी केली. कुणी वाटी पुढे केली नाही. श्यामकांतने तो कण काळ्या पट्टीवर डिंकाने चिकटवला, साकीनाक्याच्या डबीत ठेवला आणि डबी माझ्या हातात दिली. म्हणाला, घे आजी, तुझं नाव दिलंय. कशानेच विरघळत नाही.
मी हसले. एकटीच.