आरशातली दुवा

जळगाव, १९७१

धुळ्याच्या फुफी-आत्यांना सितारेचा सलाम.

लहानपणी मला देवी येऊन गेल्या, तेव्हा आरशात बघून म्हणायची दुवा तुम्ही मला शिकवली नाहीत. “ती देखण्या मुलींची,” म्हणालात. तुमच्या मुलींचं ऐकून मी ती पाठ केली.

काल निकाहनंतर नवरा-नवरीनं आरशात एकमेकांना बघायची वेळ आली, तर नवरा उठून जाईल म्हणून तुम्ही आरसाच लपवलात. मी तो मागून घेतला. त्यात माझे सगळे वण दिसत होते. मी म्हटलं, “अल्लाह, माझं रूप छान घडवलंस, तसा स्वभावही छान कर.” अय्युब उठून गेले नाहीत; माझ्याहून मोठ्यानं “आमीन” म्हणाले. तुम्हीही ऐकलंत.

हे तुम्हाला सुनावायचंच होतं. पण दुवेत स्वभावही मागितलाय, म्हणून पत्र टाकत नाही.

तुमची देखणी भाची,
सितारा