तीन चाकं आणि एक कर्ता

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (पत्राची सुरुवात अशी करतात हे तू शिकवलंस. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला फक्त 'डिअर ब्रदर' शिकवलं होतं. वसतिगृहातून तुला लिहिलेलं माझं पहिलं मराठी पत्र तू लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलंस, आणि समासात जागोजागी विचारलंस, "कर्ता कुठाय?" घरच्या पत्रांवर मी एरवी रडायचे, त्या दिवशी पोट धरून हसले.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? तू पाठवलेली शाल पोचली. फार उबदार आहे. तिला सध्या बारीक बारीक भोकं पडली आहेत, पण ते ओघाने येईलच.

तू मेहुण्यांची तब्येत विचारलीस. गेल्या आजारपणात यांचा तोल गेला तो गेलाच (शरीराचा म्हणते आहे मी). कानाच्या आत बिघाड आहे, काठी घेऊन चाला पण दुचाकी विसरा, असं डॉक्टर म्हणाले. यांनी दुचाकीबरोबर बाकीचंही सगळं विसरायचं ठरवलं. पुढच्या खोलीत खिडकीशी आरामखुर्ची, खिडकीबाहेर पोर्चमध्ये ताडपत्री घातलेली मोटारसायकल, आणि दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत बसलेले. फाटकापर्यंतसुद्धा जाईनात. मीठ संपलं म्हटलं तर अर्ध्या शहराला वळसा घालून मीठ आणणारा माणूस हा! मी चहा ठेवायचे, तो निवून जायचा. दादा, इतकी शांतता मी शाळेच्या चॅपलमध्येही ऐकली नव्हती. हा माणूस आता उंबऱ्याबाहेर पडत नाही, असं मनाशी धरून मी भाजी आणायला एकटी जायला लागले होते.

अशात फाटकाची बिजागरी तुटली, हे देवाचे उपकार. ती जोडायला वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण त्याच्या तोंडातूनही त्याच उडतात. ताडपत्री उचलून बघत म्हणाला, "काका, दोनवर तोल राहत नाही ना? मग तीन करू. पोरांच्या सायकलला लावतातच की!" यांनी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं. संध्याकाळी मात्र मला म्हणाले, "अगं, पट्टी-पेन्सिल कुठे असते आपल्याकडे?" मी जी धावले, ती अजून धावतेच आहे.

मोटारसायकलचं मागचं चाक निघालं आणि त्या जागी भंगारात निघालेल्या एका छोट्या टेम्पोचा आख्खा मागचा एक्सल आला, दोन चाकांसकट. ठिणगी जोडायचा, हे खुर्चीतून खिडकीवाटे ओरडायचे, आणि मी पाने पोचवायचे. (मला सिस्टरांनी क्रोशाच्या सुयांचे नंबर शिकवले होते. पान्यांचे नंबर त्या मानाने सोपे.) वेल्डिंग चालू असताना यांना गार वाऱ्याचा त्रास नको म्हणून खिडकीत काहीतरी आडोसा लागला, आणि हाताशी शाल होती. भोकं पडली ती अशी. रंग मात्र फारसा गेलेला नाही. ठिणगी मधूनच मला समजावायचा, "काकू, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एका दांड्याला बांधलं की भांडतात." मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

चाचणीचा दिवस आला. हे नवा शर्ट घालून सीटवर बसले. इंजिन सुरू झालं, हँडल थरथरायला लागलं आणि यांचा चेहरा पांढरा पडला. डावी मूठ क्लचवर टिकेना. उतरले, काठी घेतली आणि आत जाऊन त्याच खुर्चीत बसले. पोर्चमध्ये गाडी नुसती धडधडत होती, आणि मला वाटलं, संपलं.

पण मग पहिला गिअर पडला, आणि क्लच सुटला. ठिणगीने एक्सल उलटा बसवला होता, दादा! गाडी पुढे जायच्याऐवजी सुसाट मागे निघाली. (आमच्या गाडीला त्या दिवशी मागे जायचे चार गिअर होते आणि पुढे जायचा एकही नव्हता.) आतून हे "क्लच! क्लच दाब!" असं ओरडत उठले आणि काठीबिठी टाकून दाराशी आले. हे दारातून डावीकडे सरायला आणि गाडी त्याच दारातून खोलीत शिरायला एकच गाठ पडली. आरामखुर्चीचा भुगा झाला. यांना खरचटलंही नाही. काठीवाचून उभे राहून ठिणगीला अशा काही शिव्या घातल्या, की मी डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाले. मला वाटलं होतं, तो आवाज आता परत ऐकायला मिळायचा नाही.

एक्सल सुलटा झाला. आता अडचण एवढीच, की मागे जायचा एकही गिअर नाही. आणि घरात बसायला खुर्ची उरली नाही म्हणून म्हण, काल दोघं निघालो. सिस्टर म्हणायच्या, पाठ ताठ. लग्नानंतर हे म्हणाले, वळणावर माझ्याबरोबर झुक, नाहीतर दोघं पडू. आयुष्यभर झुकले. आता ठिणगी म्हणतो, तीनचाकीवर झुकायचं नाही, ताठ बसा. शेवटी सिस्टरच जिंकल्या! तरी पहिल्या वळणावर जुन्या सवयीने आम्ही दोघंही झुकलो आणि गाडी आमच्याकडे दुर्लक्ष करून सरळ गेली. बेकरीवाल्याच्या पायरीला थोडा टवका उडाला. त्याने रागवायच्याऐवजी बाहेर येऊन यांचा हात धरला, "साहेब, किती दिवसांनी!" मग नदीच्या पुलाशी चहा घेतला. यांनी तो गरम असताना संपवला, आणि विचारलं, "तुला घरी जायची घाई नाही ना?"

दादा, मला कसलीही घाई नाही. ठिणगीचे, तुटक्या बिजागरीचे, त्या उलट्या एक्सलचे, सगळ्यांचेच उपकार आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. नवी आरामखुर्ची पाठवू नकोस. वहिनी फोनवर म्हणत होत्या म्हणून लिहिलं.

ता. क. २. लाल पेन्सिल आतापर्यंत झिजली असेल. पहिला गिअर पडला, क्लच सुटला, टवका उडाला... कर्ता कुठाय? खुर्चीत परतलेल्या माणसाकडे बघवेना, म्हणून सीटवर मी चढले. खुर्चीचा भुगा मी केला. पायरीही मीच. काल गाडी मी चालवली आणि हे मागे बसून चुका काढत होते. शिकाऊ परवाना पर्समध्ये आहे.

ता. क. ३. पुढच्या महिन्यात पक्क्या परवान्याची परीक्षा आहे. हे शिकवतात, पण फार ओरडतात (ओरडू देत). तू येशील का? सायकल शिकवताना सीट धरून तू माझ्यामागे पळायचास, तसं आता पळू नकोस, गुडघे सांभाळ. ही गाडी धरावी लागत नाही, तिला तीन चाकं आहेत. तू फक्त मैदानाच्या कडेला उभा राहा आणि तेव्हासारखं "धरलंय, धरलंय!" ओरड. त्या वाक्यातही कर्ता नव्हता, दादा. तू केव्हाच सोडून दिलेलं असायचंस, आणि मी चालवत असायचे.