उंबऱ्यावरचं मुसळ

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली कोण टपकली? — नीलीच! दुसरं कोण येणार. नातीला, तनुजाला, लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं, अजून चहाला आधण ठेवलं न्हवतं, तर ही माझी धाकटी जाऊ बिस्किटाचा पुडा छातीशी धरून दारात हजर. मागं तिचा पोरगा बजरंग, त्याच्या मागं निम्मी गल्ली.

"आक्का, कुठाय पोरगी? तोंड तर बगू द्या!"

तोंड बगायला का मेली हाय ती?

डॉक्टरनं बजावून सांगितलंय — रक्ताचा कॅन्सर हाय, औषधानं अंगातली ताकद पार धुऊन निघाली, भाईरच्या कुणाचा रोग लागला तर लेकरू हाती लागणार न्हाई. भेटायला कुणी नगं. मी म्हणलं, साहेब, ते माझ्यावर सोडा!

दारामागचं मुसळ घेतलं अन् उंबऱ्यावर आडवं घातलं. "जो वलांडील त्याची नडगी फोडीन." बजरंग हसला. पाय पुढं टाकला. मग हसला न्हाई — एका पायावर नाचत अंगणातून गेला. नीलीच्या हातातला पुडा हिसकून कुत्र्याला टाकला. "येवढी इज्जत काढली आक्का तुम्ही!" म्हणली. काढली तर काढली. आमच्याकडं आजारी माणसाला भेटू न देणं म्हणजे भावकी तोडणं. तोडली!

९ नोव्हेंबर, रविवार

परवा घरी आल्या आल्या तनुजा म्हणली, "आजी, तू लई बोलती. माझं डोकं दुखतंय. बोलायचं ते हिच्यात बोल." अन् ही तिची कॉलेजची वही दिली. चौथीनंतर पैल्यांदा लिहून राहिले. अक्षर म्हशीनं पाय दिल्यावानी.

कुणाला सांगायचं न्हाई, पण मी खुश हाय. पाप लागंल, लागू दे. नात नांदेडच्या युनिवर्सिटीत एम.एस्सी. करती, दिवाळीला यायची अन् फोनात डोकं घालून बसायची. आता सगळी माझी! तिच्याच खोलीत खाली वाकळ टाकून निजते. डोक्यावर एक केस न्हाई. तेल चोळते तर जावळ काढल्यावर होती तशीच लागती हाताला. टाळू अजून तशीच मऊ.

एका वर्षाची सुट्टी घेतलीय, नाव कापलं न्हाई. "जूनला मी परत जाणार आजी. तवर मला जपायचं." जपते की! मुसळ कशाला हाय?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सरपंचाच्या आईला हाकललं. ऐकंना, तर बादलीभर शेणाचं पाणी फेकलं अंगावर. लुगडं नवं होतं. लई बरं वाटलं.

३ डिसेंबर, बुधवार

बजरंग गल्लीतून वरडून गेला, "नाव कापा आता कॉलेजातलं! वर्ष कशाला राखून ठेवलंय, पोरगी वर्ष काढती का?" दगड हाणला. कानाला घासून गेला. नेम जरा हुकला, न्हाईतर डोळाच काढला असता मेल्याचा.

वरडून वरडून घसा गेलाय. खोकला हटंना. दिवाळीपासून हाय तसा. तनुजा म्हणती दाखवून ये, सून म्हणती तोंडाला फडकं बांधा. घरच्या माणसाला कसलं फडकं? मी का भाईरची हाय? अन् मी दवाखान्यात गेले तर दाराला कोण बसंल?

सून बांधती. माझा रामकिशन बांधतो, पोरीचा सख्खा बाप असून. परक्यावानी दिसतेत दोघं. मी न्हाई बांधत. लेकराला एक तरी तोंड उघडं दिसू द्या.

१९ डिसेंबर, येळवस

अख्खं गाव शेतात. भज्जी, उंडे, आंबील — अमुशेचा हा शेतातला सण वर्षातून एकदा येतो. रामकिशन अन् सून पूजेला गेले. मी पोरीपाशी.

परसाकडं गेले, तेवढ्यात! परत येते तर नीली मागच्या भिंतीवरून उतरून खोलीत, हातात आंबिलीची मातीची बिंदगी, अन् तनुजाच्या तोंडाला पेला. "येळवशीला आंबील प्याल्याबिगर लेकरू ठेवायचं का? पी माय, पी." कच्चं, आंबवलेलं ताक! डॉक्टरनं पाणीसुदीक उकळून द्या म्हणलेलं. अन् तनुजा डोळे मिटून पिऊन राहिली, किती दिसाची भुकेली!

मला काय झालं कळलं न्हाई. मुसळ हातात होतं. नीलीनं तोंडापुढं हात धरला. हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळलं सरपण मोडावं तसा. बिंदगी फुटली, आंबील भिंतीपर्यंत उडाली. तनुजा किंचाळली, "आजी, मारून टाकशील तिला!" मी म्हणलं, तेच करायलेय!

नीली रडली न्हाई. मोडका हात पदरात घेतला अन् म्हणली, "पोरीची चादर बदला आक्का, ही भिजलीय." गेली.

२० डिसेंबर, शनिवार

बजरंग काठी घेऊन आला. दार फोडलं. रामकिशन आडवा गेला, डोकं फुटलं, टाके पडले. सुनेनं तिखटाची मूठ बजरंगच्या डोळ्यात मारली. मी त्याच्या पाठीत तीनदा घातलं. अंगणात रक्त, तिखट अन् एक तुटकी चप्पल. तनुजा खिडकीतून, "बंद करा! बंद करा!"

२३ डिसेंबर, मंगळवार

पोरीला ताप. अंग तव्यावानी. छातीत दुखतंय म्हणती. आंबील! त्या रांडेची आंबील!

२४ डिसेंबर, बुधवार

लातूरला हलवलं. गाडीत चढवताना तनुजा म्हणली, "जून, आजी." येवढंच.

गाडी वळली तशी मी नीलीच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. भर दुपारी, सगळ्यांदेखत. धडाधडा पेटली. म्हणलं, माझं लेकरू गेलं तर तुलाबी अशीच! बजरंगनं पोलीस आणले. साहेबांनी नीलीला ईचारलं, कुणी पेटवली? म्हणली, "मी बगितलं न्हाई." दोन हातावर उभी होती माझ्यापासून! प्लास्टरचा हात गळ्यात.

ढोंगी. तिला वाटतं, असं केलं की मी माफ करीन.

३० डिसेंबर, मंगळवार

आंबील न्हवती.

डॉक्टरनं फोटो दाखवला. छातीत टीबी हाय. "ताकाचं न्हाई हे आजी. टीबी हवेतून लागतो. खूप दिवस शेजारी असलेल्या माणसाचा. घरात कुणाला खोकला आहे?"

रामकिशननं माझ्याकडं बगितलं. डोक्याला पट्टी.

माझी थुंकी घेतली डबीत.

३ जानेवारी, शनिवार

माझाच.

अख्खं गाव अडवलं दाराला, अन् रोग आत वाकळंवर निजत होता. घरी येऊन मुसळ घेतलं, माझ्याच छातीत हाणलं. दुसऱ्यांदा उचललं तर सुनेनं धरलं. फडक्यातून म्हणली, "आत्या, पोरगी ईचारून राहिली, आजीनं गोळी घेतली का."

घेतली.

२९ जानेवारी, गुरुवार

शेतातल्या आखाड्यावर, छपरात एकटी हाय, मुसळ तेवढं उशाला. गोळ्या चालू. डॉक्टर म्हणंपर्यंत तनुजाकडं फिरकायचं न्हाई. पण ताप उतरला तिचा! आज फोनवर भात मागत होती. म्हणली, "गोळी चुकवली तर तुझी नडगी फोडीन. जूनला नांदेडच्या गाडीत मला तूच बसवायची." हासू आवरंना. हासता हासता खोकला आला तर फोन लांब धरला. काय येडी मी, फोनातून का लागतंय?

अन् मला भेटायला पहिली कोण टपकली? हात गळ्यात, डोक्यावर बिंदगी. मी वरडले, येऊ नगं, लागंल! ढेकूळ हाणलं. दुसरं हाणलं. ते प्लास्टरवर लागलं. तरी बांधापर्यंत आली, आंबील ठेवली, माझ्या सात पिढ्या उद्धारल्या अन् म्हणली, "मुसळ तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या आक्का. शनिवारी प्लास्टर निघतंय. रविवारी येते."