सुमा आणि तांदळाचं ताट

गुरुवार संध्याकाळ, केलगेरी

अप्पांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘राइट’ या क्रियापदाचे सगळे उपयोग सुमावरच: सुमा लिहिते, सुमाला लिही, सुमा सांगते ते लिहून घे. पोरं हसायची, कारण सुमा म्हणजे त्यांची बायको, माझी आई.

अर्धांगवायूनं त्यांचा हात गेला. दसऱ्याला लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात तसं आज मी त्यांच्यापुढं तांदळाचं ताट ठेवलं, बोट धरलं. “अप्पा, नुसता अ काढा.”

त्यांनी माझा हात झटकला. कापत कापत ‘सुमा’ लिहिलं आणि दाराकडं बघत बसले.

कुठून सुचलं मला हे ताट! आई जाऊन वर्ष झालं, अप्पा विसरतात. परत सांगू? की सांगूच नको?

रात्रीचा भात लावायचाय. त्या तांदळात हात घालवत नाही.