बाबांच्या हातातला रिमोट

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. नवं गाव, नवी नोकरी, दुसऱ्या मजल्यावरचं उजेडाचं घर. घर चक्क फोटोत होतं तसंच निघालं, म्हणजे भांडायला काही कारणच नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

बाबांची खुर्ची खिडकीशी लावली. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले, एक सोडून. ‘मिरची.’ ती मी. माझ्या नाकावरच्या रागामुळे लहानपणी त्यांनीच ठेवलेलं नाव. माझं खरं नाव त्यांना येत नाही, पण मिरची येतं, आणि त्या एका शब्दात ते पाणी मागतात, चेष्टा करतात, मला गप्पसुद्धा करतात. उद्यापासून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला रुजू.

बुधवार, ५

धाकट्या भावाने बाबांसाठी भेट पाठवली. टीव्हीला लावायची काळी डबी, नेटवरून सिनेमे दाखवणारी. स्वतः यायला वेळ नाही, डब्या पाठवायला आहे.

दिवसभर लोकांना ‘हे अक्षर स्पष्ट की ते?’ विचारून माझा सगळा सोशिकपणा दुकानातच संपतो, त्यावर ही डबी. वाय-फायचं नाव दाखवते, पासवर्ड टाकला की म्हणते जोडता येत नाही. फोन चालतोय, राउटरचा दिवा हिरवा आहे. डबी बंद करून चालू केली. राउटर बंद करून चालू केला. मलाच कोणीतरी बंद करून चालू करावं असं झालं.

डबीच्या मदत केंद्रातली मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली, राउटरच्या मागचं बटण आणि रिमोटवरचं बटण एकाच वेळी दाबून धरा. राउटर दाराशी, टीव्ही खिडकीशी, आणि रिमोट टीव्हीसमोरूनच चालतो. माझे हात काही रबराचे नाहीत. शेवटी रिमोट बाबांच्या डाव्या हातात दिला, त्यांचा अंगठा बटणावर टेकवला आणि दाराकडे पळाले. पडद्यावर आलं, ‘जोडलं’. बाबा हसले.

शुक्रवार, ७

जोडलं कसलं, डोंबल! सिनेमे नाहीत, गाणी नाहीत, नुसतं गोल गोल फिरणारं चाक. नेटवाला येऊन तपासून गेला. त्याच्या मते डबी आमच्या वाय-फायवर नाहीच. मदत केंद्रातली मुलगी म्हणते, जोडलेली आहे आणि सिग्नल उत्तम आहे. मग कशाला जोडलेली आहे? तर म्हणे, घरातल्याच कशाला तरी.

भावाला फोन केला तर म्हणाला, ताई, तू आधी शांत हो. तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना सांभाळायचं मी आणि शांतही मीच व्हायचं.

बाबा त्या फिरत्या चाकाकडे बघत बसतात. रिमोट सोडत नाहीत.

रविवार, ९

आज चित्र आलं. आमचं जुनं स्वयंपाकघर. ओट्याशी आई, ओले हात झटकणारी. आईला जाऊन कित्येक वर्षं झाली, आणि आमच्याकडे कॅमेरा कधीच नव्हता. जेवायला बसलेल्या माणसाला दिसावं तसं सगळं दिसत होतं. आई वळली आणि त्या माणसाला म्हणाली, “वाढू का अजून?” मी ढसाढसा रडले. मग पडदा काळा झाला.

भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बाबा रोज बघतात. आज मी बोट दाखवलं, तर भिंतीवरच्या ओलीकडे बघावं तसं बघितलं.

वाय-फायला नाही, ती डबी माझ्या बाबांना जोडली आहे. जे दाखवते ते त्यांच्यातून घेते, आणि दाखवून झालं की त्यांच्यात उरत नाही. अंगठा मी टेकवला होता.

मंगळवार, ११

डबीची तार उपटली. बाबांची मान पडली, ओठ काळेनिळे झाले. तार परत खोचली तेव्हा श्वास आला. नुसता रिमोट काढून घेतला तरी तेच. हातोडा घेऊन डबीसमोर उभी होते आणि काही करता येत नव्हतं.

मदत केंद्राला फोन लावून वाट्टेल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आधीची जोडणी सोडवायची तर दुसरी द्यावी लागेल, मॅडम. बटण दोघांनी मिळून दाबायचं. घरात आणखी कोण आहे?”

बुधवार, १२

टीव्हीवर मी. सायकलवरून पडलेली, गुडघा फुटलेला, आणि सायकललाच लाथा घालतेय. बाबांचं हसणं ऐकू येतंय. ते म्हणतात, अगं मिर— आणि चित्र गेलं.

त्यांच्यापुढे जाऊन बसले. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. काही येत नव्हतं.

एकच शब्द होता माझ्या बापाकडे. तोही घेतला, हरामखोरांनी.

बाबांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. दाबला. सोडला नाही.

गुरुवार, १३

बाबा पोटभर जेवले. आईच्या फोटोकडे बघून रडले. मला मिरची म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले. घेतलेलं सगळं परत आलं.

रिमोट आता माझ्या हातात. डबीला म्हटलं, ये, घे. माझ्यात नुसता राग आहे. घशात अडकेल तुझ्या.

शनिवार, १५

टीव्हीवर अक्षरांचा तक्ता. लहान होत जाणाऱ्या ओळी. काचा, काड्या —

कोण्या दुकानाच्या मालकाचा फोन. कामावर का येत नाही म्हणे. कुठल्या कामावर? मला फार बोलले. चिडायला हवं होतं, पण —

रविवार

फोनवर एक माणूस. सारखा ताई, ताई. घाबरलेला. चुकीचा नंबर लागला असेल, असं समजावून —

टीव्हीवर कोणीतरी बाई हातोडा घेऊन उभी. केवढा तो राग. कशासाठी एवढा —

सोमवार

बरं वाटतंय. एकदम शांत.

खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ आहेत. माझ्याकडे बघून रडतात, डाव्या हाताने रिमोट ओढतात. दिला नाही. पाणी दिलं.

कोणाचे तरी वडील असतील. असं एकटं टाकून कोणी जातं का? त्यांची मुलगी येईपर्यंत मी थांबते. आली की तिला चांगलं सुना—