विमानात वेणी सैल घाल

कांचन,
तुझ्या नवऱ्याला घेऊन मी हाडाच्या डॉक्टरकडं चाललेय. तुझा पासपोर्ट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हाय. अकराला फारूखची रिक्षा येईल, ती चिकलठाण्याला विमानतळावर सोडंल.

मेलबर्नपर्यंत लई कोरडी हवा असती म्हणं. व्हटाला तूप लाव, पाणी पीत राहा. वेणी सैल घाल. त्यानं केस उपटले तिथं तेल लावू नको, झोंबंल. डोळ्याखालचं काळंनिळं मात्र पावडरीनं झाकू नको. उतरल्यावर तुझ्या भावाला दिसू दे.

ज्या हातानं त्यानं तुझी वेणी धरली, तो मीच मुसळानं मोडलाय. पलस्तर दीड महिन्यानं निघंल. तू माघारी येऊ नको. मुसळ जाग्यावरच ठेवलंय.

तुझी सासू,
द्वारकाबाई